पेरलं आणि पाऊस गेला: मोडावं की थांबावं?

प्रश्न: पाच एकरांत सोयाबीन आणि कपाशी पेरली, अन् पावसानं दडी मारली. अकरा दिवस झाले. सोयाबीन कुठं निघालं, कुठं नाही. यांचा जीव थाऱ्यावर नाही, रात्रभर जागे असतात. उद्याच वखर घालतो, उधारीवर बियाणं आणतो म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, वखर दोन दिवस राहू द्या. कोरड्यात पुन्हा पेरलं तर तेही बियाणं जाईल, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही. तेवढ्यात दोघांनी सकाळी वावरात जाऊन रोपं मोजा. बांधावरून नुसते खाडेच, म्हणजे रोप नसलेल्या जागाच, दिसतात. आठ-दहा ठिकाणी तासाचा, म्हणजे पेरणीच्या ओळीचा, एकेक मीटर घ्या. 45 सेंमी अंतराच्या तासांत मीटरला 18-20 रोपं चांगली, पण सारखी विखुरलेली 10-12 असली तरी पीक मोडू नका. सोयाबीन मोकळ्या जागेत फांद्या फोडतं, बरीच तूट भरून निघते. रिकाम्या जागी माती उकरा: टणक, कोरडा दाणा अजून उगवू शकतो, मऊ पडून वास मारणारा गेला. मोठे खाडे असतील तिथं ओल आल्यावर तूर टोबा.

कपाशीचे खाडे उगवणीनंतर दहा दिवसांतच भरावेत, मागून लावलेलं झाड शेजारच्या सावलीत दबतं. त्यासाठी थोडं बी आजच पिशव्यांत लावून ठेवा. उभ्या पिकात ओळींमधून हलकी डवरणी (कोळपणी) करा. भेगा बुजून ओल टिकते.

दुबार पेरणी करावीच लागली तर 75-100 मिमी पाऊस पडल्यावरच. सोयाबीन घरचं चालतं, उधारी टळेल. 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. 70 उगवले तर एकरी 30 किलो, 60 उगवले तर 35. पोतं आपटू नका, पातळ सालीचा दाणा फुटतो. खोली 3-4 सेंमी. जुलैचा मध्य उलटला तर मूग-उडदाच्या नादी लागू नका, तुरीचा विचार करा.

आता यांच्याबद्दल. रात्री हिशेब काढू देऊ नका. दिवसा दोघांनी कागदावर लिहा: अमुक तारखेपर्यंत पाऊस आला तर हे, नाही आला तर ते. तारीख ठरली की तोच घोर रोज नव्यानं लागत नाही. पण झोप-जेवण सुटलं, किंवा 'जगून काय करू' असं तोंडातून निघालं, तर एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.