कुंतीचे कुंपण, फुलोरा आणि लिंबूवर्गीय बाग

कुंतीविषयी तीन प्रश्न आले आहेत. दर महिन्याला कातरूनही कुंपण फुलत नाही, हा पहिला. पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्याच राहतात, हा दुसरा. आणि लिंबाच्या बागेभोवती कुंतीचेच कुंपण करावे का, हा तिसरा.

कुंती, म्हणजेच कामिनी, हे लिंबू-संत्र्याच्या रुटेसी कुळातील झाड असून त्याचे शास्त्रीय नाव मुराया पॅनिक्युलाटा आहे. कढीपत्ताही याच कुळातला. पान उजेडाकडे धरल्यास त्यातील बारीक तेलग्रंथींचे ठिपके दिसतात, आणि ते चुरगाळल्यास वासावरूनही नाते ओळखता येते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर छाटणीतच आहे. कुंतीची फुले नव्या फुटीच्या, म्हणजे नवतीच्या, शेंड्यावर येतात. नवती पक्व होऊन कळी धरण्याच्या बेतात असतानाच कातरी चालवली, तर कुंपण रेखीव दिसते, परंतु फुलोरा जमिनीवर पडतो. म्हणून मोठी छाटणी बहार ओसरल्यानंतर लगेच करावी आणि मधल्या काळात वाढलेला एखादा फाटाच काढावा. जमीन थोडी कोरडी पडल्यानंतर भरपूर पाणी मिळाले की झाड एकदम फुलते. पाऊस पडून गेल्यावर काही दिवसांत कुंती पांढरी होते ती याच कारणाने. मात्र पाने मलूल होईपर्यंत ताण देऊ नये. युरियाचा मारा केल्यास पाला माजतो आणि फुले मागे पडतात.

पिवळेपणाचे आपण केलेले वर्णन लोहाच्या कमतरतेशी जुळते, विशेषतः तो कोवळ्या पानांपासून सुरू झाला असेल तर. चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी आधी निचरा सुधारावा, कुजलेले शेणखत द्यावे आणि चिलेटेड लोहाची (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातील लोहाची) फवारणी पुडक्यावरील प्रमाणानुसार ऊन उतरल्यावर करावी. जुनी पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. सुधारणा पुढच्या नवतीत पाहावी.

तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. सिट्रस सायला ही कीड लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग या झाड खंगवणाऱ्या रोगाचा जीवाणू पसरवते, आणि कुंती हे तिचे अत्यंत आवडते यजमान झाड आहे. प्रौढ कीड ३ ते ४ मिलिमीटर लांबीची, करड्या-तपकिरी रंगाची असून, डोके पानाला टेकवून आणि शेपटाकडचा भाग तिरका वर उचलून बसते. ही बसण्याची ढब एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही. अंडी उमलत्या पानांच्या घड्यांत घातली जातात, आणि पिल्ले पांढरे मेणचट धागे सोडतात. वारंवार कातरलेले कुंपण सतत नवती देत असल्याने, बागेत नवती नसतानाही तिथे किडीची पैदास चालू राहते. ग्रीनिंगवर खात्रीचा उपचार नाही, त्यामुळे शोभेसाठी इतकी जोखीम घेऊ नये.

ज्यांचे कुंपण बागेलगत आधीच उभे आहे, त्यांनी ते काढावे, हे उत्तम. ते तूर्त शक्य नसल्यास प्रत्येक फुटीच्या वेळी भिंगाने शेंडे तपासावेत आणि कीडग्रस्त शेंडे पिशवीत बंद करून नष्ट करावेत. फुलोऱ्यात मधमाश्या येत असल्याने त्या काळात कीटकनाशक फवारू नये. ढालकिडे आणि टॅमॅरिक्सिया ही परजीवी गांधीलमाशी सायलाची पिल्ले संपवतात; सरसकट फवारणीत आधी तेच मरतात.

बाग जवळ नसेल, तर कुंती निर्धास्त लावावी. पिकलेल्या लाल फळातील गर धुऊन बी ताजेच पेरावे, कारण साठवलेल्या बियांची उगवणक्षमता लवकर घटते. लवकर फुले हवी असल्यास अर्धपक्व फांदीचे छाट किंवा गुटी कलम घ्यावे. छाटांना मुळे सावकाश फुटतात, म्हणून ते उपटून पाहण्याचा मोह आवरावा.