अमेरिकेतील महाविद्यालयांत ट्रान्सफरसाठी एकच निबंध सगळीकडे पाठवावा का?

आपण नाशिकमध्ये पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि अमेरिकेत तीन-चार ठिकाणी ट्रान्सफरसाठी, म्हणजे पदवी अर्धवट असताना तेथील महाविद्यालयात जाण्यासाठी, अर्ज करताना स्वतःबद्दलचा एकच निबंध चालेल का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की, स्वतःची हकीकत एकच ठेवावी, परंतु ‘हेच महाविद्यालय का’ हा भाग प्रत्येक ठिकाणासाठी नव्याने लिहावा. बारावीनंतरच्या अर्जात स्वप्नांना बरीच जागा असते. ट्रान्सफरच्या अर्जात मात्र आजवर काय शिकलात आणि पुढचे कोणते शिक्षण सध्याच्या ठिकाणी मिळू शकत नाही, हे दाखवावे लागते. समजा, लासलगाव परिसरातील कांदाचाळीत माल का सडतो या प्रश्नातून आपल्याला साठवणुकीच्या शास्त्राची ओढ लागली असेल, तर त्या महाविद्यालयातील नेमका अभ्यासक्रम किंवा प्रयोगशाळा शोधून तिच्याशी हा धागा जोडावा. केवळ नाव बदललेला परिच्छेद वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येतो. सध्याच्या महाविद्यालयाची निंदा, ती रास्त असली तरी, कृपया टाळावी.

कॅलिफोर्निया विद्यापीठाची रीत वेगळी आहे. तेथे ट्रान्सफरच्या विद्यार्थ्याला चार उत्तरे लिहावी लागतात, त्यांपैकी मुख्य विषयाच्या तयारीबद्दलचे उत्तर अनिवार्य असते, प्रत्येकाला ३५० शब्दांची मर्यादा असते आणि तीच उत्तरे आपण निवडलेल्या सर्व कॅम्पसना जातात. म्हणून तेथे बर्कली किंवा डेव्हिस अशा एखाद्या कॅम्पसचे नाव घेऊन लिहू नये.