28 लाखांची सीट घ्यायची, की एक वर्ष थांबायचं?

प्रश्न (दिंडोरी तालुक्यातून, थोडक्यात): आमची तीन एकर द्राक्षबाग आहे, एकरी खर्च सव्वादोन लाख. मुलगी यंदा बारावी झाली. नीटमध्ये पात्र ठरली, पण पशुवैद्यकीला शेवटच्या फेरीपर्यंत नंबर लागला नाही. परराज्यातल्या एका खासगी कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून सीट मिळतेय. फी वर्षाला साडेचार लाख. एजंट आठ दिवसांत 51 हजार टोकन मागतोय. बँकेत 11 लाखांची एफडी आहे, सुकन्या खात्यात 5 लाख 80 हजार. उरलेल्यासाठी कर्ज काढावं की 20 गुंठे विकावेत? आम्ही ओबीसी, उत्पन्नाचा दाखला साडेसहा लाखांचा. पशुवैद्यकीत पैसा आहे का, हेही सांगा.

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. पशुवैद्यकीत पैसा आहे, पण 28 लाख घालून तो वसूल होईल इतका सुरुवातीच्या दहा वर्षांत नाही. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसताना किंवा गोठ्यात कालवड तपासताना तुम्ही कोणत्या कॉलेजातून आलात हे कोणी विचारत नाही. पदवी मान्यताप्राप्त असली की सगळे सारखेच. म्हणून ती जितकी स्वस्तात मिळेल तितकी बरी. टोकन देऊ नका.

28 लाख कसे, ते पाहा. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. फी साडेचार वर्षांची धरली तरी 20 लाख 25 हजार. वसतिगृह आणि मेस वर्षाला 1 लाख 30 हजार, साडेपाच वर्षांचे 7 लाख 15 हजार. पुस्तकं, ॲप्रन, गमबूट, जाणं-येणं यांचे 60 हजार. एजंटाच्या कागदावर फक्त पहिली ओळ असते.

11 लाखांची एफडी पहिल्या दोन वर्षांत संपेल. उरलेल्या 17 लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी धरू. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र चढत राहतं. हप्ता सुरू होईल तेव्हा बाकी 22 लाख 70 हजारांच्या आसपास असेल. दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता 30,600 रुपये, म्हणजे परतफेड एकूण पावणेसदतीस लाखांची.

शिवाय साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते, आणि शेतजमीन तारण म्हणून घ्यायला बहुतेक बँका नाखूश असतात. सरफेसी कायद्याची जलद जप्ती शेतजमिनीला लागू नाही, हे त्याचं कारण. त्यात सातबाऱ्यावर सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा असेल तर विषयच संपला. बँक बिगरशेती प्लॉट, एफडी किंवा विमा पॉलिसी मागेल.

कोणी सांगेल, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर करसवलत मिळते. मिळते, पण जुन्या करपद्धतीत आणि ज्याला कर भरावा लागतो त्यालाच. तुमचं उत्पन्न शेतीचं, तुम्हाला त्याचा उपयोग शून्य.

आता 30,600 च्या हप्त्यासमोर कमाई ठेवून बघू. सरकारी नोकरी लागली तर उत्तम. पशुधन विकास अधिकारी, गट-अ या पदाचं मूळ वेतन 56,100 पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता वगैरे. पण ही भरती पाटाच्या पाण्यासारखी आहे, आवर्तन सुटलं की एकदम. 2025 मध्ये आयोगाने 2,795 जागांची जाहिरात एका दमात काढली. त्या जागा आज पदवी हातात असलेली मुलं घेतील. तुमची मुलगी बाहेर पडेल तेव्हा आवर्तन चालू असेलच असं नाही. म्हणून हिशेबात सरकारी पगार धरायचा नाही, लागला तर बोनस. खाद्य कंपनी, औषध कंपनी, कंत्राटी कुक्कुटपालन किंवा दूध संघ यांच्या नोकरीचे सुरुवातीला 35,000 धरा.

राहिली स्वतःची प्रॅक्टिस. गावाकडची आधी. रात्री दहाला फोन येतो: गाय व्यायली, बसलीय, उठत नाही, कान गार पडलेत. मिल्क फीवर, म्हणजे व्याल्यावर अंगातलं कॅल्शियम एकदम घटणं. पंचवीस किलोमीटर मोटारसायकल, बॅटरीच्या उजेडात मानेची शीर, कॅल्शियमची 450 मिलीची बाटली. ती अंगाच्या ऊबेइतकी कोमट करून, स्टेथोस्कोप लावून हळूहळू सोडावी लागते. घाई केली तर गायीचं हृदय बंद पडतं आणि डॉक्टरचं नाव गावभर होतं. येण्या-जाण्यासह दोन तास एका केसला.

अशा-तशा मिळून दिवसाला सहा केसेस, सरासरी बिल 400 धरा. औषधाचे 130 आणि पेट्रोलचे 50 गेले की 220 उरतात. महिन्याचे 26 दिवस धरले तर 34,320. इथपर्यंत बरं वाटतं. पण पैसे "दुधाचा पगार झाल्यावर" मिळतात, आणि एकूण बिलातला पाचवा हिस्सा उधारीत अडकला तर 12,480 तिथेच गेले. हातात 21,840. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या भागातल्या एखाद्या डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या, पण उधारीचा रकाना खोडू नका. गावच्या प्रॅक्टिसचा नफा औषधाच्या भावाने कमी आणि उधारीने जास्त खाल्ला जातो.

आणखी एक. कृत्रिम रेतन आणि किरकोळ उपचार गावात पदविकाधारक करतात, दूध संघही स्वस्तात सेवा देतात. पदवीधराचं काम उरतं ते अडलेलं वासरू, शस्त्रक्रिया, वारंवार उलटणारी, म्हणजे गाभ न राहणारी गाय, कळपाचं आजारव्यवस्थापन. हे काम द्राक्षपट्ट्यापेक्षा सिन्नरकडे, गायी जास्त तिथे मिळेल. घोटी, त्र्यंबकच्या डांगी पट्ट्यात जनावरं आहेत, पण पैसे देण्याची ऐपत कमी.

नाशिक शहरात, म्हणजे गंगापूर रोड किंवा इंदिरानगरला, कुत्र्या-मांजरांचं क्लिनिक टाकायचं तर रोख पैसे मिळतात, पण भांडवल आधी लागतं. गाळ्याचं डिपॉझिट, तपासणी टेबल, ऑटोक्लेव्ह, सूक्ष्मदर्शक, आणि लसींसाठी 2 ते 8 अंशांवर राहणारा फ्रीज, इन्व्हर्टरसह. एक्स-रे घेतला तर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम जनावरांच्या दवाखान्यालाही लागू आहेत, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाची मंजुरी आणि कचरा उचलणाऱ्याशी करारही हवा. एक्स-रेशिवाय साधं क्लिनिक पाच-सहा लाखांत उभं राहावं. तुमच्या एफडीचं खरं काम हे आहे, फी भरणं नव्हे.

मग करायचं काय? एक वर्ष थांबून पुन्हा नीट. सरकारी सीट मिळाली तर फरक मोठा पडतो. महाराष्ट्रात 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. व्यवस्थापन कोट्याला ही माफी नाही, परराज्यात तर प्रश्नच नाही. म्हणजे तुमच्या मुलीला खर्च राहतो तो राहण्याखाण्याचा, साडेपाच वर्षांचा मिळून सहा लाख.

थांबण्याची किंमतही मोजू. शिकवणीचे 1 लाख 20 हजार, आणि कमाई वर्षभर उशिरा सुरू होणार त्याचे 6 लाख धरले तर 7 लाख 20 हजार. वाचणार 22 लाख, व्याज वेगळंच. 7.2 भागिले 22 म्हणजे साधारण एक तृतीयांश. सीट मिळण्याची शक्यता तिनात एकाहून जास्त वाटत असेल तर थांबणं परवडतं. ही शक्यता भावनेने ठरवू नका. तिची यंदाची रँक आणि तिच्या प्रवर्गातल्या शेवटच्या प्रवेशाची रँक यातलं अंतर बघा. गुण बघू नका. 2024 ला 720 पैकी 720 घेणारे 17 जण होते, 2025 ला देशात पहिल्या आलेल्याला 686 होते. पेपर बदलला की गुणांचा अर्थ बदलतो. अंतर फार असेल, किंवा तिचं दुसरं वर्षही फिजिक्सशीच भांडण्यात जाणार असेल, तर थांबू नये. थांबलीच तर सोबत एमएचटी-सीईटीही द्यावी. कृषी पदवी हा पर्यायी आधार वाईट नाही.

फॉर्म भरताना एक गोष्ट सुटते. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असलं तरी पशुवैद्यकीचा त्याच्याशी संबंध नाही. राज्यातल्या 85 टक्के जागा नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, भरतं. उरलेल्या 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेकडे वेगळी नोंदणी करावी लागते. दोन्ही भरा. मुंबई, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, सगळे पर्याय टाका. "शिरवळच हवं" म्हणणारी मुलं सीट घालवतात. नॉन-क्रिमिलेअरची मुदत आणि जात वैधता आताच तपासून ठेवा, ऐन प्रवेशात दाखल्यासाठी तहसीलमध्ये रांग लावू नका.

पुढच्या वर्षीही जमलं नाही तर खासगी सीटला माझी नाही म्हणायची रेषा अशी. 35,000 पगाराचा एक तृतीयांश, म्हणजे 11,700, एवढाच हप्ता झेपेल. त्यात चढलेलं व्याज धरून मूळ कर्ज साडेसहा लाखांचं बसतं, तारणाशिवाय मिळणारं. एफडीतले 6 लाख, सुकन्यातले 2 लाख 90 हजार, बागेतून वर्षाला लाख याप्रमाणे साडेपाच लाख. बेरीज 20 लाख 90 हजार. सगळा खर्च धरून 21 लाखांवरची सीट घेऊ नका, कोणीही काहीही सांगो. त्यातही कॉलेज भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 च्या पहिल्या अनुसूचीत आहे का ते आधी बघा. मान्यता नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नसेल तर प्रॅक्टिसही नाही आणि आयोगाची परीक्षाही नाही. पावतीशिवायच्या रोख "डोनेशन"ला कर्जही मिळत नाही आणि सीट रद्द झाली तर परतावाही.

सुकन्यामधून दहावीनंतर किंवा 18 पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी काढता येतात ते मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत, प्रवेशाचा पुरावा किंवा फीची पावती दाखवून. एकरकमी किंवा वर्षाला एकदा, पाच वर्षांपर्यंत. खातं बंद करायला जाऊ नका, 8.2 टक्के करमुक्त व्याज दुसरीकडे मिळत नाही. एफडीतले 5 लाख बागेसाठी हात न लावता ठेवा. एकरी सव्वादोन लाख खर्च तुम्हीच पत्रात लिहिलाय. फीचा दुसरा हप्ता बहुधा ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांच्या दिवसांतच येतो, आणि माल निघतो फेब्रुवारी-मार्चला. अवकाळीने घड फुटले किंवा व्यापारी पैसे बुडवून गेला तर ही एफडीच तुम्हाला दुकानदाराच्या उधारीपासून वाचवेल. 20 गुंठ्यांचा विचार सोडा.

बाकी राहिला मुलीचा स्वतःचा निर्णय. शिकवणी लावण्याआधी पंधरा दिवस तिला ओळखीच्या एखाद्या डॉक्टरांसोबत गोठ्यांवर पाठवा. व्यायल्यावर अडकलेली वार काढताना खांद्यापर्यंत हात घालावा लागतो, लाथ बसते, वास दोन दिवस जात नाही. प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात रेबीजची प्रतिबंधक लस घ्यायला सांगा. ब्रुसेलाची (गायी गाभडण्याच्या आजाराची) जिवंत लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर तो आजार माणसालाही होतो. कमाई सुरू होताच वैयक्तिक अपघात विमा घ्या, आणि त्यात तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता आहे का हे पॉलिसीत वाचून घ्या. खांदा निखळला की सहा आठवडे प्रॅक्टिस बंद असते, हप्ता बंद नसतो.