मकर, मगर आणि बोकड

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

संक्रांतीच्या संध्याकाळी घरात हळदीकुंकवाची गडबड चालू असताना तू फोनवरचे ताऱ्यांचे ॲप माझ्यासमोर धरलेस आणि विचारलेस, की सूर्य मकर राशीत गेला म्हणून आपण तिळगूळ वाटतो, तर या नकाशात तो अजून धनूमध्येच कसा? शिवाय मकर म्हणजे मगर असेल, तर इथे माशाची शेपटी असलेला बोकड कशासाठी काढला आहे? पाहुण्यांसमोर मी "नंतर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर आता सवडीने लिहिते आहे.

पंचांग आणि ॲप एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी दाखवतात. ॲपमधला मकर हा ताऱ्यांचा समूह आहे. खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९३० च्या सुमारास अशा ८८ समूहांच्या सीमा पक्क्या केल्या, आणि त्या सीमांप्रमाणे सूर्य साधारण २० जानेवारीला मकरेत शिरतो व फेब्रुवारीच्या मध्यावर बाहेर पडतो. पंचांगातली मकर रास म्हणजे सूर्याच्या वार्षिक मार्गाच्या बारा समान भागांपैकी एक, बरोबर ३० अंशांचा भाग. त्यात उत्तराषाढा नक्षत्राचे शेवटचे तीन चरण (चरण म्हणजे नक्षत्राचा पाव भाग), पूर्ण श्रवण आणि धनिष्ठाचे पहिले दोन चरण येतात. गंमत अशी, की श्रवणाचा ठळक तारा आकाशात गरुड समूहात आहे, मकरात नव्हे. गावाकडे एखाद्या शेताला 'चिंचेचा मळा' म्हणतात आणि चिंच मात्र बांधापलीकडे उभी असते, तसेच हे आहे.

आता 'उत्तरायण' या शब्दाकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. गेल्या वर्षी आपण इथे ऑस्ट्रेलियातच रॉकहॅम्प्टनला मकरवृत्ताच्या, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेला नकाशावर आखलेल्या रेषेच्या, त्या टोकदार खांबापाशी फोटो काढला होता, तो आठव. सूर्य दक्षिणेकडे सरकत सरकत २२ डिसेंबरच्या सुमारास त्या रेषेवर डोक्यावर येतो आणि तिथून उत्तरेकडे वळतो. उत्तरायण म्हणजे हेच वळणे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, त्या वळणाच्या वेळी, सूर्याच्या मागे मकरेचे तारे असत, म्हणून त्या रेषेला ते नाव पडले. परंतु पृथ्वीचा आस मंदावत चाललेल्या भोवऱ्याच्या आरीसारखा सावकाश डोलतो. त्याचा एक फेरा सुमारे २६,००० वर्षांचा असतो. त्यामुळे वळणाचा बिंदू ताऱ्यांच्या तुलनेत दर ७२ वर्षांनी एक अंश मागे सरकतो. आपले पंचांग तारे धरून बसले, ऋतू पुढे निघून गेले, आणि दोहोंतले अंतर आज सुमारे २४ अंश झाले आहे. यालाच अयनांश म्हणतात. संक्रांतीला उत्तरायण सुरू होते हे वाक्य आजच्या आकाशाला लागू नाही, ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बरोबर होते, असे मला तरी स्पष्ट सांगावेसे वाटते.

तारे धरायचे तरी कोणता तारा धरायचा, यावरही आपल्याकडे मतभेद आहेत. बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्यावरून मोजतात. टिळक पंचांग रेवतीवरून मोजते आणि त्याचा अयनांश सुमारे चार अंशांनी कमी येतो, म्हणजे त्या हिशेबाने सूर्य मकरेत सुमारे चार दिवस आधी शिरतो. म्हणूनच रत्नागिरीच्या आजीकडे १० जानेवारीलाच तिळगूळ वाटून होतो आणि आपण फोन करतो तेव्हा तिची संक्रांत शिळी झालेली असते. तारीखही स्थिर नाही. ती सुमारे ७० वर्षांत एका दिवसाने पुढे जाते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली आणि मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असे आपण म्हणतो. तो वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, पण या हिशेबाने त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

राहिला बोकड. तो ग्रीकांच्याही आधीचा आहे. बाबिलोनमध्ये पुढून बोकड आणि मागून मासा असा प्राणी जलदेव ईआ याची खूण मानला जाई, आणि तोच आकाशात कल्पिलेला होता. ग्रीकांनी त्याला गोष्ट जोडली: टायफॉन राक्षसाला भिऊन, बोकडाचे पाय आणि शिंगे असलेल्या पॅन देवाने नदीत उडी घेतली, घाईत त्याचे रूप पुरते बदलले नाही आणि पाण्यातला भाग तेवढा माशाचा झाला. मला ही गोष्ट चित्र आधी आणि खुलासा नंतर, अशा प्रकारची वाटते. राशी ग्रीकांकडून भारतात आल्या तेव्हा इथे मकर हा जलचर होताच: गंगेचे वाहन, कामदेवाच्या ध्वजावरचे चिन्ह, विठ्ठलाच्या कानांतली मकरकुंडले. वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा त्याच्यावरच उभी आहे. तो निव्वळ मगर नव्हे. शिल्पांत त्याला कधी हत्तीची सोंड असते, तर कधी माशाचे शेपूट. सहाव्या शतकात वराहमिहिर या ज्योतिर्विदाने या राशीला 'मृगास्य', म्हणजे हरणाच्या तोंडाचा मकर म्हटले आणि तिचे 'आकोकेर' हे नावही नोंदवले. हे ग्रीक 'आयगोकेरोस'चेच रूप आहे आणि त्याचा अर्थ बोकडाच्या शिंगांचा. म्हणजे आपल्या मकराने धड आपले ठेवले आणि तोंड पाहुण्याचे घेतले.

हा समूह बारा राशींत सर्वांत लहान आहे आणि त्याच्याहून अंधूक फक्त कर्क. रत्नागिरीहून तो दक्षिणेकडे कललेला दिसतो. आपल्या ब्रिस्बेनहून मात्र सप्टेंबरच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर येतो. उत्तरेकडे श्रवण शोधायचा आणि तिथून नजर वर आणायची, की अल्गेडी नावाची ताऱ्यांची जोडी नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसते. दिसायला ती जोडी आहे, पण एक तारा आपल्यापासून सुमारे १०० प्रकाशवर्षांवर आणि दुसरा त्याच्या कितीतरी पट दूर आहे. समूहाच्या दुसऱ्या टोकाला देनेब अल्गेडी, म्हणजे अरबीत 'बोकडाचे शेपूट', हा त्यातला सर्वांत तेजस्वी तारा आहे. अमावस्येच्या आसपासचा शनिवार पाहून मागच्या अंगणात चटई टाकू. बाबांना दुर्बीण काढून ठेवायला मी सांगितले आहे.

तुझी,
आई