बडोद्यात मराठी भयकथा कुठे मिळतील, आणि आधी काय वाचावं?

सांगलीहून बडोद्याला आलात, लहानपणी मामांकडे नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री पाणी प्यायला उठायची हिंमत होत नव्हती, आता मात्र कशाचीच भीती वाटत नाही, आणि इथल्या वाचनालयात विचारलं तर 'असलं आम्ही ठेवत नाही' म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसलो. तेच उत्तर मला जरा जास्त शब्दांत मिळालेलं आहे.

आधी राग काढून घेतो, यादी नंतर. दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर रिकामं करताना आजोबांची धारपांची सगळी पुस्तकं, त्यांच्या 'समर्थ' या नायकाच्या कथांसकट, एका वाचनालयाला दिली. नाव सांगणार नाही, विचारूही नका. पावती मागितली तर म्हणाले, "यादी झाली की देऊ." यादी कधी झालीच नाही. पुढे त्यातली 'चेटकीण' कादंबरी वाचायला मागायला गेलो तेव्हा चिटणिसांनी ऐकवलं की ती पुस्तकं निवडीत बसली नाहीत. एक तर भुताखेताचं, त्यातून इंग्रजीवरून उचललेलं, संदर्भमूल्य शून्य. सगळी पोती पस्तीवाल्याकडे (रद्दीवाल्याकडे) गेली होती. निदान परत न्यायला तरी कळवायचं, असं म्हटलं तर उत्तर तयार होतं: देणगी दिली की तुमचा हक्क संपला. त्यांच्या मागच्या कपाटात कुणीच न उघडलेले गौरवग्रंथ ओळीनं उभे होते. त्यांना संदर्भमूल्य! आजोबा समासात पेन्सिलीनं शेरे मारायचे, 'शक्य आहे', 'हे खोटं', एका ठिकाणी तर 'दिवा लावून वाचणे'. पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात, मी घेतल्याही. शेरे कुठून आणू?

आता त्या 'उचललेलं'बद्दल. धारपांनी परक्या कथा घेतल्या हे खरंच आहे. 'लुचाई'च्या मागे स्टीफन किंगची 'सेलम्स लॉट' आहे, 'आजी' या कथेमागे त्याचीच 'ग्रॅमा'. पण पुढची गंमत बघा. ही 'आजी'ची गोष्ट राही अनिल बर्वेंना 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं सांगितली, ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही, आणि 2018 मध्ये त्यांचा 'तुंबाड' हा सिनेमा आला. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, पण कथेचा त्या कादंबरीशी संबंध नाही. साखळीनं बांधलेली, हस्तर या दैवताचं नाव काढलं की झोपणारी ती म्हातारी अमेरिकेतून निघून मराठी वाड्यात येऊन बसली, ती धारपांमुळे. म्हणून माझं मत: धारप इंग्रजी मूळ शोधत बसून वाचू नका. वाडा, माजघर, तुळशीपाशी कुणीतरी उभं असणं, हे आपल्या भाषेत आलं की अंगावर येतं. किंग मी नंतर वाचला, चांगला वाटला, पण दिवा बंद करून झोपलो. (हे माझ्यापुरतं. माझी पुतणी अगदी उलट सांगेल.)

धारपांच्या कादंबरीनं सुरुवात करू नका. 'अनोळखी दिशा'मधल्या कथा आधी घ्या. एका रात्री एकच वाचा. मग रत्नाकर मतकरी: 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'गहिरे पाणी'. मोठेपणी भीती वाटेनाशी झाली असेल तर मतकरीच औषध आहेत, कारण त्यांच्याकडे भूत यायच्या आधीच माणूस बिघडलेला असतो. जुनी प्रत कुणाकडून मागवणार असाल तर शेवटच्या पानाचा फोटो आधी मागा. भयकथेचं शेवटचं पान गळलेलं असलं तर सगळे पैसे पाण्यात. फुकटच्या पीडीएफमध्ये तर पानं उलटसुलट लागलेली असतात, त्या फंदात पडू नका.

सिनेमांच्या बाबतीत मी कडवा आहे: मूळ आधी. 'छोरी' (2021) बघण्याआधी विशाल फुरिया यांचाच 'लपाछपी' (2017) बघा. उसाचा फड, भर उन्हातलं घर, आणि पूजा सावंत. अंधाराची मदत न घेता इतकं घाबरवणं सोपं नाही. घरात कुणी गरोदर असेल तर मात्र तिला दाखवू नका, विषयच तसा आहे. तसंच अजय देवगणचा 'शैतान' (2024) राहू द्या बाजूला, आपण गुजरातेत राहतो तर कृष्णदेव याज्ञिक यांचा 'वश' (2023) गुजरातीतच बघा. अनोळखी माणसाच्या मुठीत सापडलेली ती मुलगी दोन्हीकडे जानकी बोडीवालानंच केली आहे. पण मूळ सिनेमा शेवटी ज्या थराला जातो तिथे हिंदीवाल्यांनी हात आखडता घेतला. गुजराती अजून कानाला बसली नसेल तरी बघा. आठवडाभर भाजीबाजारात फिरलात तरी पुरे होईल.

या बाजूला आलाच आहात तर टागोरांची 'क्षुधित पाषाण' सोडू नका, 1895 ची आहे. कोवळ्या वयात ते अहमदाबादला भावाकडे शाहीबागेतल्या महालात राहिले होते, कथेतला महाल तिथून सुचलेला. गुलजारांचा 'लेकिन' याच कथेवर बेतलेला, पण तो घाबरवत नाही, हुरहूर लावतो. महाल अजून उभा आहे, आता तिथे सरदार पटेलांचं स्मारक आहे. रविवारी सकाळी निघालात तर संध्याकाळी परत.

मी समीक्षक नाही, नोकरी सांभाळून वाचणारा माणूस आहे, तेव्हा आवडलं नाही तर भांडायला येऊ नका. वाचनालयाबद्दल एकच सांगतो: वर्गणी भरण्याआधी कपाटं उघडून बघायला मागा. किल्ली सापडत नाही म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

तुमचे मिस्टर हसतात म्हणालात. त्यांना रामगोपाल वर्मांचा 'रात' (1992) लावून द्या, मोबाईल काढून घेऊन. मांजर पाळलेली असेल तर तिलाही आत घेऊ नका.