शिक्षा म्हणजे दंड नव्हे, बघा की

खानापूरच्या एका ताईंनी विचारलंय की आजीच्या जुन्या मराठी बायबलात इब्री लोकांस पत्राच्या १२व्या अध्यायात, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तो शिक्षा करतो असं आहे, हिंदी बायबलात त्याच जागी 'ताड़ना' आहे, तर बरोबर काय, आणि प्रीती आहे तर शिक्षा कशाला?

कोर्ट, जेल, छडी हे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडतो. पण एक गोष्ट मला आता ऐकवत नाही. कुणाला कॅन्सर झाला, कुणाचं घर २०१९ च्या पुरात पडलं, की भेटायला आलेला माणूस चहाचा कप खाली ठेवायच्या आधीच म्हणतो, "देवानं शिक्षा केली बघ." अरे, बायबलातल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याचे मित्र हेच बोलले आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला! योहानाच्या ९व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं, आणि येशू सरळ सांगतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही.

आता शब्दाकडे या. पिपासा म्हणजे प्यायची इच्छा, जिज्ञासा म्हणजे जाणायची इच्छा, लभ् धातूपासून लिप्सा म्हणजे मिळवायची इच्छा, आणि अगदी त्याच साच्यात शक् धातूपासून शिक्षा! शक् म्हणजे जमणे, समर्थ असणे. म्हणजे शिक्षेचा मूळ अर्थ काय, तर 'मला हे जमलं पाहिजे' ही इच्छा, आणि त्यातूनच पुढे शिकणं. शक्ती, शक्य, शिक्षक, आपलं साधं 'शिकणे', सगळी एकाच घरातली पोरं. कुणी म्हणेल धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'शिक्ष विद्योपादाने' (शिक्ष् म्हणजे विद्या घेणे) असा वेगळा धातू दिलाय. दिलाय की, पण ती यादी सोयीसाठी केलेली आहे, तिच्यावर बोट ठेवून लिप्सा-शिक्षा ही जोडी तोडता येत नाही, मला तरी ते कधीच पटलेलं नाही.

आणि जे लोक म्हणाय लागलेत की 'शिक्षा' काढा, 'शिस्त' घाला, शिस्त कशी शिष्ट-शिष्यातली संस्कृत आहे, त्यांनी एकदा नीट तपासावं. शिस्त फारसीतून आलाय, मूळ अर्थ नेम. बंदुकीची शिस्त धरणे म्हणतात ते तेच. शब्द चांगला आहे, पण शिष्याशी त्याचं काही नातं नाही.

इब्री पत्रात त्या जागी मूळ ग्रीकमध्ये 'पायदेइया' आहे, 'पाइस' म्हणजे मूल, मुलाला वाढवणं, घडवणं असा अर्थ. मत्तयाच्या २५व्या अध्यायाच्या शेवटी मात्र 'कोलासिस' आहे, तो खरा दंड. मराठीत दोन्हीकडे शिक्षाच छापलंय आणि सगळा घोटाळा इथेच झाला असं माझं स्पष्ट मत आहे. आता इब्रीच्या त्याच १२व्या अध्यायातली ११वी ओवी, सॉरी, वचन बघा. ज्यांना शिक्षेनं वळण लागलं त्यांना ती पुढे शांतीचं फळ देते, तिथल्या 'वळण लागलं' ला ग्रीक क्रियापद आहे 'गुम्नाझो', कपडे काढून आखाड्यात कसरत करणे. जिम्नॅशियम त्यातूनच. म्हणजे आपली तालीम! आणि तालीम हा अरबी शब्द, त्याचा अर्थ शिक्षण. शिकवण्याचा शब्द आपण कुस्तीला दिला आणि जमण्याच्या इच्छेचा शब्द दंडाला दिला, पण त्या पत्रात दोघं एकाच ओळीत भेटतात. वस्ताद पोराला मातीत घोळवतो तो राग म्हणून नव्हे, मान मजबूत व्हावी म्हणून, हे शहापूर-बेळगावात कुणाला समजावून सांगायला लागत नाही.

माझे वडील तरुणपणी तालमीत होते. गेल्या वर्षी लकवा मारला, उजवी बाजू गेली. भेटायला आलेल्या एकानं तेच वाक्य म्हटलं, वडील काही बोलले नाहीत, जीभही जड होती. रोज सकाळी ते कॉटवर बसून डाव्या हातानं शर्टाचं बटण लावतात, बटण काजाच्या कडेला येतं, निसटतं, परत. आई मदतीला आली की मानेनं नको म्हणायचे. पहिलं बटण जमायला दीड महिना लागला. आयुष्यात कुणाकडं पाण्याचा तांब्या न मागितलेला माणूस, आता आईला हाक मारतो, शेजाऱ्याला थांबवून हात धरायला सांगतो, आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत पूर्वी 'पीक दे, पाऊस दे' असायचं तिथे अडखळत एवढंच, "प्रभू, शक्ती दे." मी शेजारी बसून ऐकतो आणि मला तो शक् धातूच ऐकू येतो. आजार देवानं पाठवला असं मी म्हणत नाही, पण त्या कॉटवर देव वडिलांना शिकवतोय हे मी रोज बघतोय.

हां, ताडना राहिली. तड् म्हणजे मारणे. त्यात काठी दिसते, लेकरू दिसत नाही. तेव्हा ताई, आजीच्या बायबलातलं 'शिक्षा' तसंच राहू दे, फक्त वाचताना हिंदीवाले शिक्षा मंत्री म्हणतात तसं वाचा.