ॲडव्हान्स डिसेंबरात, हीट पंप मार्चमध्ये

एडिसन, न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलं आहे: घरातला एसी १७ वर्षं जुना, गॅसची फर्नेस ९ वर्षांची. दोन्ही काढून १८,००० डॉलरचा हीट पंप (विजेवर घर तापवणारं आणि थंडही करणारं यंत्र) बसवायचं ठरलंय. "सरकार ३० टक्के परत देतं, फक्त डिसेंबर संपायच्या आत ॲडव्हान्स भरा," असं सेल्समन म्हणाला, म्हणून २,००० भरले. काम मार्च २०२६ मध्ये आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनर्जी ऑडिट (घरातली ऊर्जा कुठे वाया जाते याची तपासणी) करून ॲटिकमध्ये इन्सुलेशन घातलं, आणि २०२३ मध्ये खिडक्या बदलल्या होत्या. एकूण किती टॅक्स क्रेडिट (करातून थेट वजा होणारी रक्कम) मिळेल?

ताई, हीट पंपावर काहीच मिळणार नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने हे क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बंद झालं. पैसे कधी दिले याला महत्त्व नाही. यंत्र बसून चालू कधी झालं, ते धरतात. आणि क्रेडिट सुरू असतं तरी १८,००० चे ३० टक्के म्हणजे ५,४०० मिळालेच नसते, कारण हीट पंपाला वर्षाची मर्यादा २,००० डॉलरची होती. मर्यादा नव्हती ती सोलर पॅनेलला. तिथलं वाक्य त्या गृहस्थांनी इथे चिकटवलं असावं.

मग हीट पंप घ्यायचा की नाही? क्रेडिट विसरून हिशेब करा. तुमचा एसी म्हातारा झालाय, फर्नेस नाही. ९ वर्षांची धडधाकट फर्नेस काढून टाकण्याची मला घाई दिसत नाही. त्यातच न्यू जर्सीत जून २०२५ पासून विजेची बिलं साधारण १७ ते २० टक्क्यांनी वाढली आहेत, त्यामुळे गॅस सोडून विजेवर घर तापवलं की बिल कमी होईलच, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये. मी तुमच्या जागी असते तर एसीच्या जागी हीट पंप आणि कडाक्याच्या थंडीसाठी फर्नेस तशीच, अशा जोडीचं कोटेशन मागवलं असतं. शिवाय साध्या नव्या एसीचंही. दोन्हीतला फरक कळला की निर्णय आपोआप सोपा होतो. वीज कंपनीची रिबेट आहे का, हेही विचारा. २,००० अडकलेत म्हणून १६,००० आणखी घालू नका. आधी करारातलं रद्द करण्याचं कलम वाचा.

आता जे मिळू शकतं त्याकडे या. ऑक्टोबरचं काम २०२५ मध्येच पूर्ण झालं, तेव्हा ते चालेल. ऑडिटच्या खर्चाचे ३० टक्के, पण जास्तीत जास्त १५०. ऑडिटर सर्टिफाइड हवा आणि त्याचा लेखी रिपोर्ट हवा. इन्सुलेशनला फक्त मालाच्या किमतीचे ३० टक्के, मजुरी धरत नाहीत. इथे बहुतेकांची चूक होते. बिल २,६०० चं असेल आणि त्यात माल १,४०० चा, तर क्रेडिट ४२०. बिलात दोन्ही आकडे एकत्र असतील तर कंत्राटदाराकडून वेगळे लिहून घ्या. हे सगळं कर खात्याच्या फॉर्म ५६९५ वर, १५ एप्रिल २०२६ च्या रिटर्नबरोबर. क्रेडिट तुमच्या करापुरतंच वापरता येतं. उरलेलं रोख मिळत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

आणि त्या २०२३ च्या खिडक्या! तुम्ही त्या सहज जाता जाता लिहिल्यात, मला मात्र पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच वाटली. त्यांना 'एनर्जी स्टार मोस्ट एफिशियंट' हा ऊर्जा-बचतीचा दर्जा असेल तर काचा-चौकटींच्या किमतीचे ३० टक्के, कमाल ६०० डॉलर, मिळू शकतात. बसवण्याची मजुरी इथेही वगळा. त्या वर्षी क्लेम केलं नसेल तर १०४०-एक्स हा फॉर्म भरून रिटर्न दुरुस्त करता येतं. मूळ रिटर्न वेळेत भरलं असेल तर मुदत १५ एप्रिल २०२७ पर्यंत आहे. खिडकीवरचं लेबल तुम्ही केव्हाच फेकलं असेल. दुकानदाराकडून मॉडेल नंबर आणि उत्पादकाचं सर्टिफिकेट मागवा. पण हीट पंपाच्या कंत्राटदाराला फोन मात्र त्याआधी करा, कारण मार्च लांब नाही.